घासाघीस

निझव्याबाहेर, फर्कच्या रस्त्यावर,
गॅरेजांच्या रांगेतलं शेवटचं दुकान कुन्हिमोनचं.
बाहेर टांगलेत त्या टायरांकडे बघू नका, तो म्हणतो,
ते उन्हाने म्हातारे झालेत,
गिऱ्हाईक ओढायला ठेवलेत नुसते.

पहिला टायर मी दुसरीकडून घेतला होता.
सहा रियालचा, घासाघीस करून साडेपाचला,
आणि दोन दिवस स्वतःवर खूश होते.
उंच उंच दात त्याचे, चिखलासाठी घडवलेले.
इथे कुठला चिखल?
इथे दगड, काळपट,
फुटक्या बाटलीच्या धारेचा,
आणि वाटेत समरची झाडं,
आपल्या बाभळीची मावसबहीण,
काटा तोच, चांगला दोन पेरं.

तिसऱ्या शुक्रवारी टायर कुशीत फाटला.
बिरकत अल मौझच्या वर, नऊ किलोमीटर,
सायकल हाताला धरून
रुसलेल्या पाहुणीसारखी खाली आणली.
शेवटच्या वळणावर खल्फानने पिकअप थांबवला.
मागे दोन शेळ्या, सायकल आणि मी.
त्याने एक शब्द विचारला नाही,
फाटक्या कुशीत बोट घातलं
आणि आतून हलवून दाखवलं.
शेळ्यांनाही कळलं असावं.

साडेपाच रियाल भागिले साठ किलोमीटर.
इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते मी,
भागाकार टाळता येत नाही.

म्हणून आज कुन्हिमोन.
आई मडकं बोटाने वाजवून घ्यायची;
टायर वाजत नाही.
मी नख रुतवते, सोडते, बघते
खूण किती वेळात बुजते.
दिवसभर लोकांच्या शिरा शोधणारा अंगठा हा,
त्याला रबराचं थोडंफार कळतं.
हा मऊ, दगड धरेल, पण लवकर झिजेल,
हा कडक, टिकेल, ओल्या वाटेवर घसरेल.
ओली वाट, मी म्हणते, वर्षातून किती दिवस?
तो हसतो. मग मऊ पुढे, कडक मागे,
पुढच्याने धरायचं, मागच्याने सोसायचं.
दोन्हींची कूस दुहेरी विणीची,
वजन दोनशे ग्रॅम जास्त,
चढावर मला शिव्या द्याल, उतारावर दुवा.
आत ओतायचं ते पांढरं,
रुईच्या चिकासारखं,
उन्हाळ्यात सहा आठवड्यांत वाळतं,
विसरू नका.

एकोणीस रियाल एकाचे.
प्रमिला ऐकेल तर म्हणेल, दोन चाकांत
महिन्याचा किराणा गुंडाळून आलीस.
मी अठरा म्हणते, सवयीने.
तो साडेअठरावर येतो, तोही सवयीनेच,
आणि सांगतो,
मागचा तुम्हाला चार वर्षं सहज जाईल.

चार वर्षं.
माझा करार ऑक्टोबरात संपतो.
नूतनीकरणाचा कागद मस्कतला आहे,
कुणाच्या तरी टेबलावर
किंवा टेबलाखाली.
सहा रियालवाला परत घ्यावा का,
ऑक्टोबरपर्यंतचा?

बोलले नसेन मी, पण त्याला ऐकू गेलं.
पंप पुसत पुसत म्हणाला,
बावीस वर्षं झाली,
मीही दोन-दोन वर्षांचाच माणूस.
हे दुकानाचं शटर मात्र
पहिल्याच वर्षी जाड पत्र्याचं घेतलं.

मी दोन्ही घेतले.

आता खोलीत, पलंगाशेजारी, सायकल उभी.
प्रमिला झोपलीय, किंमत अजून सांगितलेली नाही.
नव्या टायरवर रबराचे बारीक केस,
साच्यातून निघाल्याची खूण,
बाळाच्या जावळासारखे.
हात फिरवला की गुदगुल्या होतात,
कुणाला, ते विचारू नका.
उद्या शुक्रवार.
पहिल्या उतारावर जावळ उतरेल.
पाण्याची पिशवी भरून
मी फ्रीजमध्ये ठेवली आहे.