वसवा

बांध एकच. दक्षिणेला नीलव्वा, उत्तरेला मी.
मधे तिची एकोणीस झाडं:
शेवगा, हादगा, दोन कडुनिंब, सीताफळं,
आणि एक बोर, जी तिनं लावलीच नाही.
कुठल्यातरी पाखरानं टाकली, तिनं राहू दिली.

दोन उन्हाळे ती डोक्यावरून घागर आणायची,
तांब्यातांब्यानं पाणी घालायची,
लेकराच्या तोंडाला वाटी लावावी तसं.
मी हसायचो.
ज्वारीच्या रानात झाडं! अक्कलकोटपासून बोरी नदीपर्यंत
कुणी केलं होतं असलं काही?

पौषात ऊन तिरपं होतं.
सावली उत्तरेला पडते, म्हणजे माझ्याकडे.
झाडं तिची, शेंगा तिच्या,
आणि वसवा माझ्या वाट्याला.
चौथ्या वर्षी चार काकऱ्या खुजल्या.
गुडघ्याएवढं ताट, अंगठ्याएवढं कणीस.
मी म्हणालो, तोड.
ती म्हणाली, ‘सावली हाय इरण्णा,
उचलून कुठं ठिवू?’

तलाठी आले. टेप धरली.
झाडं किती, बांधापासून किती, तक्रारदार कोण.
तक्रारदार मी.
जाताना त्यांच्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा होत्या.
तिनं मलाही दिल्या. मी घेतल्या.
आमटी चवीला बरी झाली होती,
हे मी घरात बोललो नाही.

मग तो भाद्रपद.
चार नक्षत्रांनी वाटून घ्यायचा पाऊस
एकाच रात्री ओतला.
माझा पश्चिमेचा बांध फुटला,
माती भीमण्णाच्या रानातून ओढ्याला,
ओढ्यातून बोरीला.
माती जाताना आवाज करत नाही.
सकाळी फक्त दगड वर आलेले दिसतात,
म्हाताऱ्याच्या पाठीच्या मणक्यांसारखे.
मधला बांध जागेवर होता.
मुळांत गवत अडकलं होतं, गवतात गाळ,
गाळात माझीच थोडी माती.

तरी पेरलं. हस्तात थोडी ओल धरली.
माघात ज्वारी हुरड्यावरून पुढं सरकली,
दाणा भरला,
आणि दुपारी तीनला अवकाळी वारं सुटलं.
तासभर. जास्त नाही.
सव्वादोन एकर रान
चटईसारखं अंथरून गेलं.

मी काकऱ्या मोजल्या. दोनदा मोजल्या.
बांधाकडच्या चार, खुज्या. उभ्या.
पाचवीपासून चौदावीपर्यंत, चांगली डोक्याएवढी. उभी.
पंधरावी कलती.
तिथून पुढं सगळी लोळलेली.
वाऱ्याला त्या झाडांपाशी
वळसा पडला असणार.
हिशेब करायला मी बांधावर बसलो.
नेमका सीताफळाच्या सावलीत बसलो होतो,
हे उठताना लक्षात आलं.

आडवी ज्वारी उपटायला बाया दीडपट मागतात.
मागू देत, हात कापतात त्यांचे.
दाणा काळा पडला, कडबा कुजका निघाला.
गुरांपुढं टाकला तो त्या दहा काकऱ्यांचा.
नीलव्वा पलीकडं पेंढ्या बांधत होती.
‘बघ’ म्हणाली नाही.
म्हणाली असती तर बरं झालं असतं,
भांडायला तरी जागा मिळाली असती.

तक्रार मी मागं घेतलेली नाही.
कागद अक्कलकोटला पडून आहे, असू दे.
चार काकऱ्या खुज्या येतात, त्या येतातच.
त्यांचं कुणी भरून देणार नाही.

यंदा पश्चिमेचा बांध नव्यानं घातला.
खुरपताना हाताला हादगा लागला, वीतभर.
शेंग वाऱ्यानं आली
की घरी नेताना माझ्याच धोतरातून गळली,
सांगता येत नाही.
खुरपं त्याच्याभोवती गोल फिरलं
आणि पुढं गेलं.

त्याची सकाळची सावली
भीमण्णाच्या रानात पडेल.
भीमण्णा अजून काही बोललेला नाही.
त्याला काकऱ्या मोजायला
तीन-चार वर्षं आहेत.