फितीला भाव नाही

दस्तगीरभाईंनी दुकानाच्या पायरीवर काटा लावला.
"डब्बीला किलोमागं बारा," म्हणाले,
"फितीला भाव नाही. फीत तुम्हीच काढून द्या."

तीन दुपारी मी आणि वहिनी
पेचकस घेऊन बसलो. अकराशे चाळीस कॅसेटी.
निपाणीत तंबाखूच्या वखारी उघडलेल्या,
दर डब्बीला एक शिंक.
आप्पा म्हणायचे, आपल्या गावात
टेपचं हेडसुद्धा मिसरी लावतंय.

खोटं कशाला बोलू, निम्मा कचराच होता.
एकाच वरातीच्या बँडच्या त्रेचाळीस प्रती,
नवऱ्याकडच्यांनी एकही नेली नाही.
बुरशी धरलेल्या, उधारीत अडकलेल्या,
एका बाजूला आरत्या, उलटून घातली की कन्नड नाटकाची पदं,
आणि उन्हानं फीत सैल झाली की
दोन्ही एकातून एक झिरपायची.
पाटी आमची दोनदा फुटली,
एकदा या लिपीपायी, एकदा त्या.
तिसऱ्या खेपेला आप्पांनी अक्षरच काढलं नाही,
नुसती कॅसेट रंगवली,
दोन गोल डोळ्यांची.

सुजित फोन पुढं करून म्हणाला,
"आत्या, हे सगळं हितं हाय."
होतंच.
आप्पांची वही घेऊन मी रात्रभर एकेक नाव घातलं,
एकेक गाणं आलं,
धुतल्यासारखं, मागची घरघर नसलेलं.
ना त्याला पायरी लागते, ना काटा.
बरं वाटलं. थोडा अपमानही झाला,
कुणाचा ते कळलं नाही.

फक्त ६१२ आलं नाही.
वहीत आप्पांचं तिरकं अक्षर:
बाजू ब. गौराक्का तोडकर, बिडीच्या ओव्या.
माइकवर. पंखा बंद. पैसे घेतले नाहीत.

मी नऊ वर्षांची. माझं काम एवढंच,
बोळात उभं राहून सायकलवाल्यांना घंटी वाजवू न देणं.
गौराक्का सूप मांडीवर घेऊनच आली होती,
हात रिकामे असले की गळा चालत नाही म्हणाली.
पानं कातरायच्या कात्रीवर ताल धरला,
आणि मराठीत यमक सापडेना झालं
की कन्नडमधलं उसनं घेतलं,
शेजारणीकडून मीठ घ्यावं तसं.
शेवटी खोकली. तो खोकलाही आप्पांनी ठेवला.

६१२ ची डब्बी बाराच्या भावात गेलेली.
तिची फीत कुठल्या गुंत्यात, कुणाला ठाऊक.

गुंता वहिनीच्या माहेरी गेला, कोगनोळीला,
शाळूवर पाखरं फार म्हणून.
मेखा ठोकून ताणल्या फिती या बांधापासून त्या बांधापर्यंत.
उन्हात लखलखतात, वाऱ्यात घूं करतात.
पाखरं दचकून उठतात, दूधगंगा ओलांडतात,
कागलच्या शाळूवर जाऊन बसतात.
त्यांचा सीमाप्रश्न कधीच सुटलाय.

परवा एक पोरगी रिचार्ज मारायला आली.
पैसे देऊनही हलेना.
"आमच्या अक्काचा आवाज तुमच्याकडं हाय म्हणं?"

आहे म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही.
दुपारच्या बसनं तिला कोगनोळीला नेलं.

चप्पल हातात घेऊन ती बांधावर उभी राहिली.
वारा पडलेला. आम्ही दोघी गप्प,
मला वाटलं, उगाच आणलं हिला.
मग पश्चिमेकडनं आला, आणि सगळं शेत एकदम
दात मिटून गुणगुणायला लागलं.

"हौद री," ती म्हणाली.
कशाला, ते सांगितलं नाही.

तिनं फोन वर धरला,
दोन मिनिटं अकरा सेकंद.
त्यात हायवेवरचा एक ट्रक आला,
तिची बांगडी आली, माझी शिंक आली.

फोननं विचारलं, नाव काय द्यायचं.
आम्ही एकमेकींकडं बघितलं.
तेवढ्यात त्यानंच देऊन टाकलं:
नवीन रेकॉर्डिंग १४.