किंमत, अंदाजे

अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे आली.
बेसा रोडवरचं हे घर, वृद्धाश्रम म्हटलेलं साहेबांना आवडत नाही,
खाटा एकतीस, बाया आम्ही चौघी,
आणि हरवल्याच्या नोंदीला रकाने पाच:
कोण, काय, कधीपासून,
किंमत अंदाजे,
शेरा.
शेरा मीच लिहिते. 'शोध चालू आहे.'

कुमुद पाठराबे. खालची कवळी.
दोन दिवस नुसता मऊ भात.
तिसऱ्या दिवशी सापडली नऊ नंबरच्या तोंडात.
बसत नव्हती, टोचत होती,
तरी नऊ नंबर काढू देईना.

देविदास ढोबळे. कानाचं यंत्र.
अभ्र्यासोबत धुलाईत गेलं.
मुलगा पुण्याहून फोनवर, अठरा हजार, अठरा हजार,
आणि ढोबळे काका खिडकीशी निवांत,
कूलरची घरघर थांबली म्हणून खूश.

इंदिराबाई गजभिये. पांढरं लुगडं, निळ्या काठाचं,
दसऱ्याला दीक्षाभूमीवर नेसायचं.
धुऊन आलं ते भलतंच.
मी कोपरा उलटून दाखवला, काळ्या शाईतला सतरा.
आजी, नंबर तुमचाच आहे.
म्हणाल्या, नंबर माझा आहे व,
लुगडं नाही.

मग चार नंबर. यादवराव नंदनवार.
धोटा.
काय असतं ते, विचारलं.
त्यांनी हात आडवा नेला, डावीकडून उजवीकडे,
परत डावीकडे,
दोन्ही बाजूंना काहीतरी अडल्यासारखा थांबवत.
शिसमाचा. तांडापेठेतला. चव्वेचाळीस वर्सं.
किंमत अंदाजे?
माझ्याकडे पाहिलं,
तुटल्या सुताकडे पाहावं तसं, गाठ कुठं मारता येईल.
मी शून्य लिहिलं. खोडलं.
पन्नास लिहिलं.

आता हे वहीत नाही.
एप्रिलात गाद्या गच्चीवर टाकल्या
तेव्हा चारच्या गादीखाली एक लाकूड निघालं,
गुळगुळीत, दोन्ही टोकांना लोखंडाची चोच.
मला वाटलं पलंगाचंच काही सुटलंय.
कोरड्या कचऱ्यात टाकलं.
भांडेवाडीच्या ढिगात असेल आता,
किंवा कोणाच्या चुलीत.
अकरा संध्याकाळ ते व्हरांड्यात यायचे,
काय झालं बाई माह्या तक्रारीचं,
आणि मी वही उघडून दाखवायची.
'शोध चालू आहे' लिहिताना
एकदाही अक्षर वाकडं गेलं नाही.

सुट्टीच्या दिवशी तांडापेठेत गेले.
मागाच्या खड्ड्यावर फरशी, फरशीवर ब्युटी पार्लर,
तीन घरं झाली, चौथ्या घरी एका म्हातारीनं
माळ्यावरच्या डब्यातून काढून दिला.
पैसे घेतले नाहीत.
कोनासाठी पायजे, विचारलं फक्त.
घरासाठी, म्हणाले. शोभेला.

यादवरावांनी तो नाकाशी नेला.
अंगठा फिरवला, पोकळीत बोट घालून पाहिलं,
जसं बाळाच्या तोंडात दात चाचपतात.
हा माहा नाई.
मी मान खाली घातली. आता सांगावं,
सांगते,
तेवढ्यात तेच म्हणाले,
पन कोनाचा तरी हाय.
थो शोधत असन ना व.
लिवून ठेव, सापडला म्हनून.

सापडल्याचा रकाना वहीत नाही.
मागच्या पानावर पट्टीनं रेघ ओढली.
धोटा, एक. कोणाचा, माहीत नाही.
किंमतीपाशी पेन अडलं.
ते वाकून पाहत होते, चष्म्याविना,
काय लिहिलंस?
काही नाही काका, शाई वाळतेय.

रात्री फेरीवर पाहिलं,
धोटा उशाशी, रुमालात गुंडाळलेला,
मालक येईल तेव्हा ओरखडा नको म्हणून.
आणि हात तसाच चादरीवर,
आडवा जातोय, थांबतोय,
परत येतोय, रिकामा.