बिनआवाजी

लग्न होऊन वडगावला आले तेव्हा
सोळा माग चालायचे एका पत्र्याखाली.
खट्याक खट्याक, पहाटे सहापासून.
कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही,
सगळी गल्ली ओठ वाचायची.

नवऱ्याचं नाव घेऊ नये, सासूनं बजावलेलं.
मी चौथ्या दिवशीच घेतलं, मोठ्यानं,
दोन मागांच्या मधे उभी राहून: भरमू.
देवालासुद्धा ऐकू गेलं नसेल.
त्यानं पाहिलं तेवढं.
धोटा अडकला, तीन दोरे तुटले,
सांधताना बोटं कापत होती त्याची.

मग काय काय बोललो त्या गदारोळात!
भर दुपारी, कांड्या भरता भरता,
सासूची पाठ वळायची वाट बघत
(तिलाही वाचता यायचे की ओठ).
लोक अंधारात सांगायला लाजतात ते
तो ट्यूबलाइटखाली सांगायचा,
आणि मी म्हणायची, बाबिन संपली बघ.
तीन पोरं त्या खडखडाटाची.

गेल्या दिवाळीआधी माग भंगारात गेले,
किलोवर.
भरमू उद्यमबागला लागला, रात्रपाळीला.
काचेआड मशीन, आत दुधासारखं पाणी.
म्हणतो, आवाजच न्हाई गं,
नुसतं गुणगुणूलालंय.
जेवला की मला अंगठा पाठवतो,
पिवळा, गुळगुळीत,
कुणाचाही असेल असा.
मीही एक पाठवते.

रविवारी घरी असतो.
घड्याळ केवढ्यानं वाजतंय, थोरली म्हणते.
आम्हाला कुठलं ऐकू यायला?
वीस वर्षांत कान गेले,
आणि हळू बोलायचं कसं
ते तर कधी शिकलोच नाही.
पोरं माळ्यावर झोपल्यावर
तो माझ्या कानाशी काहीतरी कुजबुजला.
भिंतीपलीकडं कलव्वा खोकली,
मुद्दाम.

गप्प झालो.
पाठीला पाठ लावून
आपापला मोबाईल सरकवत पडलो,
त्याच्याकडं कुस्ती, माझ्याकडं कुणाचं तरी डोहाळजेवण.

मग त्यानं माझा खांदा ओढला.
मोबाईल छातीवर उभा धरला,
उजेड हनुवटीखालून, निळसर,
म्हातारा दिसला क्षणभर.
तोंड हलवलं. आवाज काढला नाही.

वाचलं मी.
पुन्हा म्हण की, म्हटलं, तसंच.

पडदा सारखा विझायचा,
आणि तो अंगठा घासून परत पेटवायचा,
घट्टे पडलेला, तेलकट वासाचा अंगठा,
दोनदा तर मोबाईललाच ओळखू आला नाही.
कितव्यांदा तरी विझला
तो तसाच राहू दिला.