पाठमोरी ओवी

महिन्याचा शेवटचा शनिवार. सांगलीच्या मार्केट यार्डात
सौदे दुपारीच संपलेले.
गुंदेशांच्या गोडाऊनमधली पोती हमालांनी भिंतीला लावली
की मधे उरते तेवढी आमची जागा:
ऐंशी खुर्च्या, दोन स्पीकर, एक मिक्सर,
आणि हवेत अजून खाली न बसलेली हळद.

मिक्सर माझा. बारा चॅनेलचा, त्यातले नऊ चालतात.
फेडरच्या फटीत हळद जाते,
वर सरकवताना मधेच अडतो,
मग एकदम सुटतो आणि गाणारा दचकतो.
खुर्चीवरून उठलेला प्रत्येक जण मागून पिवळा.
बायको म्हणते, कुठं होता ते विचारायची सोयच ठेवली नाहीत.

चॅनेलांवर चिकटपट्ट्या, माझ्या अक्षरातल्या.
एक, सन्मती मगदूमची गिटार. दोन, तिचा गळा.
तीन, अफान. तोंडानंच ताशा काढतो,
खणभागातल्या गल्ल्या यमकात बसवतो,
माइक इतका जवळ धरतो की काय जेवलाय ते कळतं.
चार, संबळ.
रेणके काका जानेवारीपासून आलेले नाहीत,
मिरजेला आठवड्यातून दोनदा रक्त धुऊन घेतात.
पट्टी मी काढलेली नाही.

आज जतकडून बिरू कोळेकर आले,
चार सोबती आणि एक ढोल घेऊन, टेम्पोतून.
सन्मती गिटार लावत होती
मोबाइलवर हिरवा दिवा लागेपर्यंत.
कोळेकरांनी बघून घेतलं, ढोलाचं कातडं हॅलोजनपाशी शेकलं,
टिचकी मारली,
"आमचाबी दिवा लागला."

आणि उभे राहिले ते गोल करून.
आमच्याकडं पाठ.

मी धावलो. मामा, लोकांकडं तोंड करा, माइक इकडं आहे.
"ओवी लोकास्नी बघून म्हनत न्हाईत, बाळा.
म्होरल्यानं उचलायची असती.
त्येचं त्वांड दिसाय नको?"
बाळा! मी बावन्न वर्षांचा.

हरिपूरला हळद जमिनीखाली पेवात ठेवायचे.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचे,
विझला तर माणूस उतरत नसे.
पहिला सूर तसा खाली गेला.
आता विझतो की काय, म्हणून आम्ही सगळे गप्प.
मग समोरच्या म्हाताऱ्यानं शब्द तळातून उचलला
आणि ओळ वर आली, मेंढरांसकट,
एका हरवलेल्या कोकरासकट,
जे कुठल्या पिढीत हरवलं ते कोणी सांगेना.

मिक्सरवर एकही दिवा लागत नव्हता.
माइक नुसत्या पाठी ऐकत होता.

आधी दगडू वाघमोडे उठला, पोत्यांवरचा हमाल,
आणि पलीकडं जाऊन बसला, तोंडं दिसतील असा.
मग एक खुर्ची सरकली. मग किती तरी,
फरशीवर ओरखडे काढत,
अर्ध्या ओवीत, कुणाची माफी न मागता.
अफान ढोलाखाली मांडी घालून बसला
आणि पहिल्यांदाच त्याचं तोंड बंद.

सन्मतीनं स्टूल गोलाच्या फटीत नेलं,
तीही आता पाठमोरी.
तीन ओव्या नुसती थांबली.
चौथ्या ओवीला, श्वास घ्यायच्या जागी,
एकच तार, सगळ्यांत जाड.
कोळेकरांनी तिच्याकडं पाहिलं नाही.
कोपर जरा आत घेतलं, एवढंच.

जुळलं का? सगळं नाही.
दोनदा ती लवकर आली, एकदा ढोल तिच्यावरून गेला.
मागं एक बाई हसली, मग तिनं डोळे पुसले,
हळद गेली असेल.

मी एकेक फेडर खाली आणला. दोन, एक, तीन.
चार मधेच अडकला. राहू दिला.

चहाच्या पैशांवरून वाद झाला, टेम्पोवाला हॉर्न मारून गेला.
सगळे गेल्यावर मी चप्पल काढून
मधोमध उभा राहिलो, आढ्याकडं बघत.
पुढच्या वेळी माइक वरून सोडायचा, गोलाच्या पोटात.
मिक्सरपासून साडेसात पावलं. वर चार हात.
तार नवीन घ्यावी लागेल.

घरी तळवेही पिवळे निघाले.