सामाईक भिंत

पत्रकार विचारतो, हे तुमचं आलं कुठून?
मी म्हणते, भिंतीतून.

न्यूपोर्टच्या गोदीमागची आमची गल्ली,
घराला घर चिकटलेलं.
पलीकडे एग्बर्ट पिनॉक, किंग्स्टनहून आलेला.
रविवारी बोकडाचं मटण रटरटत ठेवून
कपाटाएवढा स्पीकर भिंतीला लावायचा.
आमच्याकडे हुकांवरचे कप
कानांनी किणकिणत.
आई म्हणायची, प्रार्थनेची वेळ तरी पाळा.

प्रार्थनेच्या पेटीवरच मी दोन कॉर्ड शिकले.
तिसरी चुकून लागली.
बोट घसरलं, तिथेच ठेवलं.

बाबांनी तरुणपणी चहाच्या खोक्याला
झाडूचा दांडा अन् एक दोरी बांधून
बेस केला होता. माळ्यावर होता तो,
आत उंदरांचा संसार.
आणि एका खलाशानं उधारीपोटी दिलेली
डेट्रॉइटची तबकडी;
तिचे ओरखडेसुद्धा आम्ही पाठ केले.

सत्त्याहत्तर साल. गोदी अर्धी बंद.
ग्लेनिस बिस्किटांचे डबे बडवत होती,
मी ओरडत होते, गाता येत नव्हतं म्हणून.
पिनॉकनं भिंतीवर मूठ हाणली:
पुरे आता!
पण मूठ त्याची. ठोक्यावर नाही पडली,
दोन ठोक्यांच्या मधे पडली.
ग्लेनिस थांबली. म्हणाली, परत.

आम्ही मुद्दाम जोरात वाजवलं,
तो आणखी चिडला,
पहाटेपर्यंत गाणं झालं.

रेकॉर्डवर चार नावं छापली.
त्याचं नाही.
हे लिहून घ्या, म्हटलं,
तर पत्रकारानं पेनाला टोपण लावलेलं.