दवंडी

एकतीस वर्सं कोतवालकी केली बाप्पा मी.
डफडं गळ्यात, कागद खिशात:
पोलिओचा डोस, घरपट्टी, पूर्णेले पूर,
कोनाची म्हैस कोंडवाड्यात.
गावात एकच डफडं होतं
आन् वाजवनारा हात साऱ्यायच्या वळखीचा.
दवंडी खोटी निंगाली त लोक दारात येत,
काऊन बे संपत, म्हनत.

आता ज्याच्या त्याच्या खिशात डफडं.
हात कोनाचा, पत्ता नाई.

शोभाबाई बोचरेचा धीरज.
पोलीस भरतीत छाती दोन सेंटीमीटर कमी भरली,
तीनदा गेला, तिन्ही डाव तेवढीच.
मंग जिनिंगमांगं पांढरी गाडी यायले लागली.
गाडीतला मानूस म्हने,
तुह्यी छाती आमाले पुरते.
एवढं एक वाक्य.
आमच्यातल्या कोनालेच सुचलं नव्हतं ते.

पोट्टं हनीफच्या दुकानावरून जाईना,
पारामांगून वळसा घालून जाये.
तेच दुकान, जिथं जळक्या मोटरीची तार
उकलता उकलता
शंभरपर्यंत मोजाले शिकला होता.

एका सांजीले माह्या ओट्यावर आला.
काका, तुमाले त घरंघर माहीत हाय.
नाल्यापल्याडची यादी द्या.
दरवाजे किती, मानसं किती, मांगून वाट हाय का.
म्हटलं, उद्या देतो, चष्मा सापडत नाई.
चष्मा डोळ्यावरच होता.
त्यानं पाह्यला. काई बोलला नाई, गेला.

त्या राती बिनडफड्याची दवंडी देल्ली मी.
अकरा घरं. कानात.
शाळेच्या व्हरांड्यात जमलो, दिवा न लावता.
पुंजाराम म्हने, ठान्यात द्या अन् मोकळे व्हा.
कंपाउंडर म्हने, जमादाराले सांगू,
पन पोट्टं सांगून मोकळं होत नसते.
भांडन झालं. दोघं उठून गेले, चपला आपटत.
शोभाबाई खांबाले टेकून;
तिच्याकडं पाहाची हिंमत नाई कोनाची.
शेवटी हनीफ खाकरला.
माह्याकडं धाडा. अठरा मोटरी जळून पडल्या,
मले हात पाह्यजे.
तुह्याकडं?
मंग कोनाकडं?
लय वेळ कुत्रंच भुंकत होतं फक्त.

गाडीचं बायायनं पाह्यलं.
चैताचं ऊन. जिनिंगच्या रस्त्यात
या कडेपासून त्या कडेपर्यंत लुगडी हातरली,
वर कुरोड्या, सांडया, मुंगवड्या.
गाडी भोंगा वाजवे.
वाळू दे ना दादा, द्वारकाबाई म्हने,
तीन दिवस लागतात.
चवथ्या दिवशी पापड काढले.

धीरज सुधारला असं मी म्हननार नाई.
येतो कधी, कधी नाई.
हनीफशी बोलत नाई, तार गुंडाळते.
वेढे चुकले की हनीफ म्हनते, खोल.
पुन्हा एकपासून.

परवा औजाराच्या पेटीत फोन थरथरला,
पान्याले लागून कडकड कडकड.
त्याचे दोन्ही हात तारेत.
सत्तावन्न, अठ्ठावन्न.
थांबला फोन.
पुन्हा वाजला तवा उचलला त्यानं, भाईर गेला,
निंबाखाली उभा राहून बोलला, पाठ करून.
परत आला, तार उकलली,
एकपासून धरली.
काय बोलला, इचारलं नाई कोनी.
हनीफनं चहाचा कप त्याच्याकडं सरकवला,
तो थंडा होईपर्यंत तसाच होता.

आमच्या पाळ्या हायेत.
पहाटे कबड्डीचा मास्तर, दुपारी दुकान,
रात्री शोभाबाईकडं गटातली कोनी ना कोनी
पांघरून घेऊन निजाले.
पाच ते सात माह्यी.
समोरच्या ओट्यावर बसून असतो, रिकाम्या हातानं.
जाता जाता तो अजून इचारते,
काका, यादी?
लिहून राह्यलो बे, म्हनतो मी,
लय घरं हायेत.